तुमच्या बहिणीच्या निधनाचा खुलासा

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांच्या पायांशी मेहुण्याचा नमस्कार. (इतक्या लांबून वाकताना पाय नेमके सापडत नाहीत, तरी पोचला असे समजावे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा रक्तदाब तुमच्याशी बोलल्यावर वाढतो तेवढाच वाढतो ना? कानातले यंत्र कानात आहे की नेहमीप्रमाणे चष्म्याच्या डबीत? ते डबीत असते म्हणूनच हा पत्राचा खटाटोप. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुम्ही जे उलट विचारता ते साऱ्या गल्लीला ऐकू जाते. हे पत्र शाळेच्या कचेरीत देतो. तिथल्या बाई त्याचे फोटो काढून तुमच्या चिरंजीवांच्या इ-मेलवर पाठवतील. कृपया मनातल्या मनात वाचावे.

पहिल्यांदा हे सांगून टाकतो की तुमची बहीण सुखरूप आहे. पुढच्या मजकुरात ती वारल्याचा उल्लेख येईल, तेव्हा दचकू नये आणि वहिनींना हाक मारू नये.

तुम्हाला माहीतच आहे की ज्येष्ठांनी परदेशात जाऊन स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास करायची ही सहल मुळात तिच्या डोक्यातली. गेले वर्षभर ती भांडी घासताना ओट्यावर फोन उभा करून त्यातल्या बाईशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. (ती बाई तिला रोज शाबासकी द्यायची. त्यामुळे माझ्याकडूनही तशीच अपेक्षा सुरू झाली होती.) मी आपला सामानाबरोबर सामान म्हणून जाणार होतो. पण निघायच्या तोंडावर ती न्हाणीघरात घसरली, घोटा मोडला आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. मी लगेच सहल रद्द करायला निघालो, तर तिने पलंगावरूनच माझी बॅग भरायला घेतली. निदान एकाच्या तरी डोक्यात काही जाऊ दे, असे तिचे म्हणणे पडले. त्या एकाच्या डोक्याची चौकशी कोणी केली नाही.

इथली शाळा चपलादुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना कठडा आहे आणि मध्ये दम खायला एक बाक ठेवला आहे. म्हणजे ज्येष्ठांचा विचार केलेला आहे. खुर्च्यांवर उशा, भिंतीवर ठळक अक्षरांचे तक्ते. शिक्षिका आमच्या लेकीपेक्षा लहान, पण शिस्त अशी की पहिल्या मिनिटापासून स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही. शब्द अडला तर हातवारे करायचे. ही म्हणे शिकवण्याची आधुनिक पद्धत. माझा तर पहिलाच शब्द अडला, त्यामुळे मी जवळजवळ पूर्ण वेळ हातवाऱ्यांतच होतो.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तुमच्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी होती. शिक्षिकेने खुर्चीकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिले. ‘बायको’ हा शब्द मला येत होता, तो मी स्पष्ट म्हटला. पुढचे सारे अभिनयातून. आधी मी घसरून दाखवले. मग ती झोपून आहे हे सांगायला छातीवर हात ठेवून डोळे मिटले. मग पाय उशीवर उंच ठेवला आहे हे सांगायचे होते. आता माझा स्वतःचा पाय उचलून दाखवायला गेलो असतो तर कंबरेत उसण भरली असती, म्हणून मी पायाऐवजी एक बोट वर केले. वर, छताकडे. आणि काळजीचे कारण नाही हे कळावे म्हणून डोळे उघडून सर्वांकडे बघून गोड हसलो.

सगळा वर्ग उभा राहिला, दादा. शिक्षिकेने माझा हात दोन्ही हातांत धरला, तिच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, काय कनवाळू लोक आहेत, नुसता घोटा मोडला तर एवढे कळवळतात! (आपल्याकडे घोटा मोडला की लोक पहिल्यांदा विचारतात, खाली बघून चालता येत नाही का.) ज्यांच्या घरी माझी राहण्याची सोय आहे त्या मालकीणबाईंनी त्याच संध्याकाळी माझे सामान मागच्या कोंदट खोलीतून खिडकीच्या खोलीत हलवले, माझ्या ताटात दुसरे अंडे आले आणि त्या टीव्हीचा आवाज बारीक करून बघू लागल्या. वर्गातले एक निवृत्त दंतवैद्य माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, ‘बायको’ म्हटले आणि बोट वर केले. मी समजलो, त्यांच्याही मंडळींचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हसून, होईल हो सगळे ठीक, असे हातानेच दाखवले. त्यांना हुंदका फुटला. तेव्हापासून ते माझी पाठ सोडत नाहीत.

उलगडा झाला तो पुढच्या आठवड्यात. वर्गात शिरलो तर शेजारच्या खुर्चीवर तिच्या अर्जावरचा फोटो चौकटीत बसवून ठेवलेला आणि पुढे फुले. शब्दकोश उघडायची गरज पडली नाही. मी विमा कचेरीत जन्म काढलेला माणूस. मूळ दाखला आणि त्यावर गोल शिक्का असल्याशिवाय मी कधी कोणाला मेला म्हणून मान्य केले नाही. बायका दारात रडत उभ्या राहिल्या तरी मी छायांकित प्रत चालणार नाही म्हणायचो. आणि इथे माझ्या एका बोटावर अख्ख्या वर्गाने तुमच्या बहिणीला निरोप देऊन टाकला.

मी खुलासा केला नाही असे समजू नका. त्याच दिवशी केला. फोटोकडे बोट दाखवले, डोळे टक्क उघडले, झोपेतून उठून बसल्याचा अभिनय केला, वर्गात लंगडत एक फेरी मारली आणि ती अशी चालते, अजून चालते, असे दाखवले. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या आणि शिक्षिकेने फळ्यावर मला ‘स्वप्न’ हा शब्द शिकवला.

त्यानंतर मात्र मी खुलासा केला नाही, हे खरे. एक तर मला गृहपाठ माफ झाला. दुसरे, ते दुसरे अंडे. आणि तिसरे जरा सांगायला अवघड आहे. शिक्षिका रोज मला उभे करून तुमच्या बहिणीविषयी चार वाक्ये बोलायला लावते. आता पुस्तकाच्या पहिल्या भागात शब्द कोणते, तर सुंदर, हुशार, मोठी, चांगली, घर, सकाळ, हसणे. तक्रारीचे शब्द तिसऱ्या भागात आहेत. म्हणजे मला इच्छा असूनही तिच्याविषयी वाईट बोलता येईना. माझी बायको सुंदर होती. माझी बायको हुशार होती. सकाळी माझी बायको हसत होती आणि घर चांगले होते. सुरुवातीला मी नुसते शब्द जुळवत होतो. मग एके दिवशी हेच बोलता बोलता मला चष्मा काढून पुसावा लागला. कारण दादा, त्यात खोटे काही नव्हते, फक्त भूतकाळ तेवढा खोटा होता. ती सकाळी हसते हे मी इतक्या वर्षांत तिला एकदाही सांगितलेले नाही. आपल्या भाषेत मला सगळे शब्द येतात, म्हणूनच की काय, हे चार कधी वापरले गेले नाहीत. मला तिची फार आठवण येते, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

आता अडचण ऐका. शनिवारी अभ्यासक्रमाचा समारोप आहे. प्रत्येकाने स्पॅनिशमध्ये छोटे भाषण करायचे, आणि माझा विषय माझ्याऐवजी वर्गानेच ठरवला आहे. तिचा फोटो मंचावर नेणार आहेत. दंतवैद्य माझ्या आधी त्यांच्या पत्नीविषयी बोलणार आहेत. (त्या खरोखरच गेल्या. त्याविषयी ते इतकी वर्षे कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते, असे शिक्षिका सांगते. माझ्याशी बोलले. मी ऐकले, कळला त्यातला जेमतेम अर्धा भाग, पण मान हलवत राहिलो.) आणि परवा तुमच्या बहिणीचा निरोप आला की प्लॅस्टर निघाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, मी समारोपाला येते! म्हणजे मी मंचावर तिला श्रद्धांजली वाहत असताना ती काठी टेकत दारातून आत येणार. मालकीणबाईंचे हृदय नाजूक आहे. मला लाज वाटते ती मात्र दंतवैद्यांची. हा माणूस माझ्या दुःखावर विसंबून स्वतःचे दुःख बोलला. तुझे खरे आणि माझा घोटा होता, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि कोणत्या हातवाऱ्यांनी?

असो. बाकी हवा चांगली आहे. तब्येतीस जपावे, यंत्र कानात घालावे, वहिनींच्या हातचे नुसते खाऊ नये, त्यांच्या तोंडचे ऐकूनही वागावे.

आपला, सध्या विधुर,
मेहुणा

ता. क. : मुद्द्याचे राहिले. तुम्ही आठवडाभर आजारी पडावे, अशी हात जोडून विनंती. फार नको, तुमची बहीण तुमच्या उशाशी येऊन बसेल आणि विमानात बसणार नाही इतपत. छाती नको, ती घाबरेल. पोट चालेल. कण्हायचे कसे ते वहिनी दाखवतील, त्यांनी तुमचे पुष्कळ ऐकले आहे.

पुन्हा ता. क. : त्या चार वाक्यांविषयी तिला काही सांगू नये. ती रोज म्हणून दाखवायला लावेल.

तिसरा ता. क. : दादा, हे अक्षर माझं, ओळखलं असशीलच. मी कालच इथे येऊन पोचले. तुलासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्या पोटाच्या दुखण्यावर माझा विश्वासही बसला नसता. सकाळी शाळेच्या कचेरीत गेले तर मला बघून तिथल्या बाई किंचाळल्या आणि त्यांच्या हातातून हेच पत्र खाली पडलं. त्यांना पाणी पाजलं आणि सगळा खुलासा स्पॅनिशमध्ये केला. वर्षभर घासलेली भांडी कामाला आली बघ.

मग आधी त्या दंतवैद्यांना गाठलं, म्हटलं दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. ते रागावले, आणि रागवायलाच हवं. मग मी ह्यांच्या कंबरेतली उसण आणि ते बोट करून दाखवलं. त्यावर ते इतके हसले की त्यांना स्वतःची कवळी काढून हातात घ्यावी लागली. म्हणाले, माझं बोलून झालं ते बरंच झालं, आता त्यालाही बोलू द्या. शिक्षिका, मालकीणबाई, सगळा वर्ग, सगळ्यांना आता माहीत आहे. फक्त ह्यांना सोडून. मी शिक्षिकेच्या घरी राहते आहे. शनिवारी दाराआड स्टुलावर बसणार आहे.

तू आजारी पडू नकोस. त्याऐवजी तुझ्या गच्चीवर काढलेला माझा निळ्या साडीतला फोटो लगेच इ-मेलने पाठव. अर्जावरच्या फोटोत मी खरंच गेल्यासारखी दिसते. आणि मी आले आहे हे ह्यांना अजिबात कळवू नकोस. भाषण पुरतं संपलं की मगच आत जाईन. एकदा का मी जिवंत झाले, की पुन्हा आपली घरातलीच भाषा सुरू.