सही कुठल्या पत्रावर

पेंडलटन साहेब,

आईच्या ऑपरेशनचं कर्ज थकलं म्हणून तुम्ही माझा गुप्त कागद हाताळायचा सुरक्षा-परवाना अडवलात. इतकी वर्षं मी गोदीत पाणबुड्यांचे नकाशे सांभाळले, आणि तुम्ही लिहिता, "कर्जबाजारी माणसाला धमकावून शत्रू गुपितं काढून घेऊ शकतो."

धमकावून? माझी चौकशी करायला तुम्ही शेजारच्या ओडेसाकाकूंकडे गेलात, तेव्हा त्या काय म्हणाल्या ते अहवालात का नाही? "अहो, कर्जाचं तर तिने रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं! आम्ही प्रार्थनासुद्धा केली." आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपलं दुःख सगळ्यांपुढे मांडायला, उभं राहिलेलं माणूस काही झाकत नाही. जे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे, त्यावरून मला कोण धमकावणार?

वकील म्हणतात, "बाई, पश्चात्ताप झाला असं लिहा, परवाना मिळेल." पत्र त्यांनीच टाइप करून दिलंय, सही तेवढी बाकी आहे. पण पश्चात्ताप कशाचा? आई जगली याचा? ती आत्ता स्वयंपाकघरातून ओरडतेय, "डेलफीन, मक्याचा पाव गार झाला, आता काय आमंत्रण पाठवू?"

उठते. सही त्या पत्रावर नाही, ह्याच्यावर करते.

तुमची नव्हे, तिची,
डेलफीन टार्प्ली