व्याह्यांसोबत खिंडीपर्यंत

ती. ताईस,

ठणकत्या कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? भावजींचा खोकला? इकडे सर्व क्षेम, म्हणजे हाडं मोजली तेव्हा संख्या बरोबर भरली.

लेकीसाठी तू सुचवलेल्या स्थळाकडून शेवटचा होकार तेवढा यायचा होता. 'त्यांना डोंगरात गाडी घालायचं वेड आहे, नाही म्हणू नकोस,' हा तुझाच सल्ला. म्हणून (होऊ घातलेल्या) व्याह्यांनी रविवारी "डोंगर बघायला येताय का?" विचारताच मी म्हणालो, "वा, कधीपासून मनात होतं." (मनात होता तो दुपारचा पलंग.) जीपमध्ये मागं ही आणि विहीणबाई होत्या; लेक आणि तो मुलगा मात्र 'आम्हाला मळमळतं' म्हणत पायथ्याच्या चहावाल्याकडेच उतरले. पोरं शहाणी आहेत. संसार नीट करतील.

व्याही दंतवैद्य. समोरचा विव्हळला तरी हात थांबवायचा नाही, ही सवय. आधी डांबर संपलं, मग खडी संपली, आणि उरलं त्याला रस्ता म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार. डावीकडची दरी इतकी रम्य, की मी पूर्ण वेळ उजवीकडे व्याह्यांचा कान न्याहाळत होतो. प्रत्येक वळणावर ते विचारत, "घ्यायची ना पुढं?" आणि मी रोखलेला श्वास सोडून म्हणे, "म्हणजे काय, इतक्यात परत?" कुंभक म्हणजे काय, हे योगाच्या वर्गात तीस वर्षं समजावलं, साधला तो परवा.

खिंडीच्या अलीकडे दरड कोसळलेली. तिथला मुकादम हात आडवा करून म्हणाला, "साहेब, पुढं रस्ता नाही. वळवा." इतकं रसाळ वाक्य मी कुठल्याही काव्यात वाचलेलं नाही. पण व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आपलं अवसान आधी गळालेलं दिसू नये म्हणून मी म्हणालो, "बाजूनं जाईल की." "जाईल ना," व्याही म्हणाले. गेली. तीन चाकं गेली. चौथं दरीवर त्रिशंकू.

आम्ही चौघं एकेक करून उतरलो. मुकादमाची माणसं दोर लावून जीप ओढत होती, तेव्हा आम्ही दोघे पुरुष दगडावर बसून सृष्टिसौंदर्याची तारीफ करत होतो. पलीकडे विहीणबाई हिला सांगत होत्या, "हे एरवी गच्चीवरून खाली बघत नाहीत हो. तुमच्यासाठी चार दिवस शिकवणी लावली. तुमच्या नणंदबाईंनीच सांगितलं ना, की तुमच्या यांना डोंगराशिवाय घास उतरत नाही."

ताई, एकच थाप दोन्ही घरांत पुरवून वापरण्याची तुझी काटकसर वाखाणण्यासारखी आहे.

उतरताना व्याह्यांनी (स्टिअरिंगवरचा हात काढून) माझा हात धरला. "असं निधड्या छातीचं घर मिळालं. आमचा होकार." त्यांचा हात घामानं ओला होता. माझाही.

तुझा, अद्याप हयात,
भाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मला खूश करायला व्याह्यांनी पुढच्या महिन्यात याहून उंच खिंड ठरवलीय. खरं सांगावं तर मध्यस्थ खोटी पडते आणि जमलेलं लग्न डगमगतं. तेव्हा दोन्ही घरांना पुरेल अशी आणखी एक थाप तातडीनं शोध.

आणखी एक ता. क. सुचली नाही तरी बिघडत नाही. दरीकडची पुढची सीट मध्यस्थाच्या मानाची, असं मी व्याह्यांना सांगून ठेवलंय. तुझं येणं पक्कं कळल्यावर बिचारे प्रथमच मोकळेपणी हसले.