महिन्याला एक कादंबरी

मी नाथाजी कोंडीबा डुबल, वय सव्वीस, मूळ राहणार कोरेगावच्या बाजूचा, हल्ली राहणार जिथं पाठ टेकेल तिथं, धंदा सांगण्यासारखा नाही, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. नशापाणी केलेलं नाही. कुणी डोक्यावर बसून लिहून घेत नाही, उलट शेजारी ह्या घरच्या रंगूबाई बसल्या आहेत आणि त्या म्हणतात, "असलं अभद्र लिवू नगंस." तरी लिहितो.

कारण असं. लहानपणी मला सांध्यांचा ताप आला होता. तो सांध्यातून गेला आणि काळजात जाऊन बसला. काळजाची एक झडप आकसली आहे. दोन जिने चढलो की ओठ निळे पडतात. पुढच्या आठवड्यात पुण्याला छाती उघडून ती झडप मोकळी करणार आहेत. माणूस वाचतो का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "वाचतात की." मी बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या आहेत. खिडकीकडे बघून दिलेल्या उत्तराचा अर्थ मला कळतो.

मी मेलो तर जमीन कुणाची ही काळजी मला नाही. काळजी एकच आहे. लालासाहेबाचं काय होणार. पुढची सगळी कलमं त्याच्यासाठी आहेत, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, कारण मी मध्येच भलतीकडे जातो.

कलम पहिलं. लालासाहेब बंडू यादव हा पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी इस्लामपूरकडून कारखान्यावर काम मिळतं का बघायला चाललो होतो. उन्हाळा होता. यादवांच्या मळ्यात पाणी प्यायला शिरलो तर हा विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेला. जोडे बाजूला शिस्तीत जोडून ठेवलेले, बराकीत ठेवतात तसे.

मी म्हटलं, "पाणी मिळेल का?"

"हिरीत हाय. वड की."

"दोर कुठाय?"

"दोर मी आत टाकला."

दोर का टाकला हे कळायला मला थोडा वेळ लागला. मागनं कुणी आलं तर वर ओढायला काही राहू नये म्हणून. मला पोहता येत नाही, ताकद नाही, ओरडलो तर दम लागतो. पिशवीत पोरांच्या साहसाची एक कादंबरी होती, सुरुवातीची पानं गेलेली. मी खाली बसलो आणि जिथनं पान होतं तिथनं मोठ्यानं वाचायला लागलो. बोटीला भोक पडलेलं, तीन पोरं टोपीनं पाणी उपसतायत.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाणी किती खोल हाय तितं?"

"लिहिलेलं नाही."

"मग लिवणारा गाढव हाय. फुडं वाच."

रंगूबाई, म्हणजे त्याची आई, भाकरी घेऊन आल्या तोवर पोरं बेटाला लागली होती. त्यांनी जोडे बघितले, विहीर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "जेवून जा." दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आल्या. "नाथा, येत जा. पन पुस्तक संपवून उटू नगंस."

तेव्हापासून तो नेम आहे. एक कादंबरी संपली की त्याच बैठकीत दुसरीची चार पानं वाचायची आणि अडकलेल्या जागी थांबायचं. मी हंगामाला तासगावला जायचो, मनात आलं की वाईला जायचो, महिना महिना यायचो नाही. पण लालासाहेबाला कुठंतरी अडकवून ठेवल्याशिवाय कधी गेलो नाही. कुणी दरीत लोंबकळतंय, कुणाचं लग्न भलत्याशी ठरतंय. तो चिडायचा. चिडलेला माणूस वाट बघतो.

कलम दुसरं, पुस्तकांबद्दल. माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत कादंबऱ्या आहेत: पोरांच्या, बायकांच्या, खुनाच्या, आणि ज्यांच्यात काही घडत नाही अशा जाड्या. एकीलाही सगळी पानं नाहीत. त्या मला वाईचे विष्णुपंत यांनी दिल्या. गणपतीच्या घाटाकडून आलं की त्यांचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान आहे. तिथं मी झाडलोट करायचो, आणि पगाराऐवजी फाटकी पुस्तकं न्यायचो. माझी तक्रार नव्हती. तक्रार दुसरीच आहे. त्यांच्याकडे तीन कपाटं होती आणि तिसऱ्याला कुलूप. एकदा मी त्यातलं मागितलं तर म्हणाले, "नाथाजी, ते तुला कळायचं नाही. तू आपली पोरांची वाच. तुला वाचता येतं रे, पण बसता येत नाही." पुढे मला शिडीवर उभं राहून वाचताना पकडलं आणि काढून टाकलं. जाताना मात्र तिसऱ्या कपाटातली एक कादंबरी, वाळवीनं कडा खाल्लेली, स्वतः माझ्या पिशवीत टाकली. ती कुठली ते शेवटी सांगतो.

तर विष्णुपंतांना मी बोटीची ती पोरांची कादंबरी देतो. अट अशी की त्यांनी ती लालासाहेबासमोर चार पानं मोठ्यानं वाचावी, त्यातल्या आरोळ्यांसकट. आरोळ्या हळू मारल्या तर पुस्तक देऊ नये.

कलम तिसरं. तासगावला बेदाण्याच्या शेडात बनुबाई म्हणून मुकादम आहेत. बायका बेदाण्याच्या काड्या निवडतात आणि मी त्यांना प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून दाखवायचो. काम मला जमत नव्हतं, गंधकाच्या धुरीनं खोकला यायचा, बनुबाई म्हणाल्या, "तू तोंडानं काम कर." त्यांना अक्षर येत नाही, पण ऐकलेलं एक वाक्य विसरत नाहीत. आणि न्याय कडक. "ही बया दिसभर खिडकीत हुबी ऱ्हाती, हिला कामधंदा न्हाई का? चार दिस शेडात घाला, पिरेम उतरंल." सगळ्या हसायच्या. पण त्या बाईचा नवरा परत येत नाही त्या पानाला बनुबाई उठून बाहेर गेल्या आणि पदरानं तोंड पुसून आत आल्या. ती कादंबरी त्यांची. पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवावं आणि त्यांनी तोंडपाठ सांगावी, लालासाहेबानं ऐकावी. मध्ये मध्ये शिव्या येतील, त्या पुस्तकातल्या नाहीत.

कलम चौथं. माझा थोरला भाऊ गुंडा. जमिनीची वाटणी झालेली नाही, उसाचं रान आहे, तो कसतो. मी कसू शकलो नाही आणि त्यानं मला बसून खाऊ घातलं नाही. ते मी समजू शकतो. माझा हिस्सा मी त्याला देत नाही, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी हरणाबाई हिला देतो. मला घराबाहेर काढलं त्या दिवशी तिनं भाकरी माझ्या कपड्यात गुंडाळून दिली होती आणि त्याबद्दल मार खाल्ला. गुंडाला हे वाचून राग येईल. यावा.

पण गुंडाशी माझं खरं भांडण वेगळं आहे. त्यानं माझ्या खुनाच्या कादंबरीची शेवटची पानं आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. घालायच्या आधी चुलीपुढं बसून वाचली. मग एक एक पान आत. मी म्हटलं, "दादा, निदान खून कुणी केला ते तरी सांग." तो म्हणाला, "रानात पानी पाजायला ये, मंग सांगतो." मी गेलो. पाणी पाजलं. बांधावर चक्कर येऊन पडलो. त्यानं उचलून घरी आणलं, पाय चोळले, पण सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. मध्यंतरी साताऱ्याच्या स्टँडवर भेटला तेव्हाही पहिला प्रश्न मी तोच केला. तो म्हणाला, "मरस्तवर न्हाई सांगनार." तर आता सांगावं. ती कादंबरी गुंडाला देतो. लालासाहेबानं तिथं जाऊन सुरुवातीचं सगळं त्याच्याकडून वाचून घ्यावं, आणि शेवट गुंडानं तोंडानं सांगावा. आपल्या भावाला सांगितला नाही तो परक्याला सांगताना त्याला कसं वाटतं ते लालासाहेबानं नीट ऐकावं. आवाजावरनं त्याला सगळं कळतं.

कलम पाचवं. बाकीच्या प्रत्येक कादंबरीच्या आतल्या बाजूला मी एक नाव आणि गाव घातलं आहे. कुणी कऱ्हाडचा चहावाला, कुणी वाईची शाळामास्तरीण, कुणी एष्टीचा कंडक्टर. ह्या सगळ्यांनी मला कधीतरी टेकू दिलं आहे किंवा हाकललं आहे. प्रत्येकाला त्याचं पुस्तक हातात द्यावं, टपालानं पाठवू नये.

हे पोचवायचं काम, म्हणजे माझ्या मृत्युपत्राची सगळी व्यवस्था, मी लालासाहेब बंडू यादव याच्यावर सोपवतो. त्यानं स्वतः जावं. महिन्याला एकच कादंबरी. घाई करू नये. प्रत्येक ठिकाणी चार पानं वाचून घ्यावीत आणि अडकलेल्या जागी उठावं. इस्पितळातून आल्यापासून हा माणूस मळ्याच्या फाटकाबाहेर गेलेला नाही. रोज दाढी करतो आणि फाटकापर्यंत जाऊन परत येतो. वकिलाच्या कारकुनाला मी विचारलं, आंधळा माणूस चालतो का. ते म्हणाले, "साक्षीला डोळे लागतात. व्यवस्थेला लागत नाहीत." मला तेवढंच पाहिजे होतं. ट्रंक भरलेली आहे. संपायला काही वर्षं जातील. तोवर मी दुसरं काही करू शकत नाही. मी मेलेला असेन.

कलम सहावं, किरकोळ. सायकल रंगूबाईंनी विकावी. माझं प्रेत पुण्यालाच जाळावं, गावी आणायचा खटाटोप करू नये. मी तसाही गावी टिकत नव्हतो. दहाव्याला कावळा शिवला नाही तर कुणी मनाला लावून घेऊ नये.

कलम सातवं. ~~तिसऱ्या कपाटातली जाडी कादंबरी विष्णुपंतांना परत द्यावी.~~ हे खोडलं आहे. खोडल्यावर सही केली आहे. का खोडलं ते लिहितो.

ही कादंबरी एका स्टेशनमास्तराची आहे. त्याच्या स्टेशनावर गाडी थांबायची बंद झाली आहे. नुसती धडधडत निघून जाते. तरी हा रोज कोट घालून फलाटावर उभा राहतो आणि हिरवा झेंडा दाखवतो. दुसरं काही घडत नाही. मला वाटलं लालासाहेब झोपेल. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "हे खरं हाय." तेव्हापासून मी गेलो की नमस्कार नाही चमत्कार नाही, एकच विचारतो, "कोट घालतोय न्हवं अजून?" मी म्हणतो, घालतोय. "मग वाच."

पुढे त्या मास्तराला एक दिवस वाटतं, पुरे झालं. सकाळी तो खुंटीवरचा कोट काढतो, एक हात बाहीत घालतो आणि तसाच उभा राहतो. मी तिथं थांबलो आहे. पुढचं पान मीही बघितलेलं नाही, आणि मी पुढचं पान बघणारा माणूस आहे.

काल हे मृत्युपत्र मी लालासाहेबाला पहिल्यापासून वाचून दाखवलं. गुंडाच्या कलमाला हसला. संपल्यावर म्हणाला, "म्हंजी तू मेलास तर मी एष्टी धरायची."

"व्हय."

"आन् न्हाई मेलास तर?"

"तर दोघं जाऊ."

"खोटं बोलतोस. तू मदीच कुटंतरी उतरशील."

रंगूबाई आत भांडी लावत होत्या, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग तो म्हणाला, "मला सगळं कळतंय, नाथा. हिरीचं तोंड बांधून घ्यायचं सोडून तू हे पुस्तकांचं काडलंयस."

मी म्हटलं, "पोचवशील का?"

"बाकीची पोचवीन. मास्तरची न्हाई. ती कुनाला द्यायची न्हाई. कुनी वाचायची बी न्हाई."

"अरे, पण मी आलो नाही तर ती अर्धीच राहील."

"ऱ्हाऊ दे. त्येचा एक हात बाहीत हाय. दुसरा तू येऊन घाल."

"आणि नाही आलो तर?"

तो उठला. काठीनं उंबरा शोधला. दाढी केलेल्या गालावर हात फिरवत म्हणाला, "तर ऱ्हाईल तसाच. एका बाहीवर बी झेंडा दावता येतोय."

म्हणून वरचं खोडलं. ती कादंबरी कुणालाही देत नाही. ती यादवांच्या घरात कोनाड्यात राहील, खुणेला तासगावच्या एष्टीचं तिकीट घातलं आहे, ते कुणी हलवू नये.

यापुढं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वरचा मजकूर मी वाचला, दुसऱ्याला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

सही: नाथाजी कोंडीबा डुबल

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं:
मधुकर रामचंद्र शाळिग्राम, वकिलांचे कारकून, इस्लामपूर
तात्याबा बाबू कुंभार, यादवांच्या मळ्याशेजारी

व्यवस्था पत्करली, सही करताना पाहिलं नाही, टाकाचा आवाज ऐकला: लालासाहेब बंडू यादव, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम यादवांचा मळा, इस्लामपूर, जिल्हा सांगली
तारीख ९ फेब्रुवारी १९७६