बेल्विनची चेष्टा

५ जानेवारी १९७५, रविवार

सातला उठलो. थंडी बरी होती. भात लागला. दुपारी बेल्विनवरची खोळ काढून गॅलरीत झटकली. दहा महिने काढली नव्हती.

सेट लावून पाहिला. दिवे लागले, तबकडी फिरली, संगीत नाही. डाव्या स्पीकरमधून नुसते घूं.

मुलीचे, वृंदाचे, नागपूरहून पत्र आले. तिच्या आईचे वर्षश्राद्ध ९ मार्चला आहे, त्यासाठी ती ७ ला येते. मी ठरवले: श्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी सुहासिनीची आवडती पियानोची एल.पी. दोन्ही बाजू लावायची. तसे वृंदाला लगेच कळवले. आता मागे फिरणे नाही. हातात नऊ आठवडे आहेत. वास्तविक चार पुरेत.

सेटची नोंद करून ठेवतो. १९६८ साली बजबज गावच्या एका ज्यूट मिलचा स्कॉच मॅनेजर मायदेशी परत गेला, त्याच्याकडून घेतला. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, टर्नटेबल, कपाटाएवढे दोन स्पीकर. मेक बेल्विन, इंग्लंड. कलकत्त्यात असे तीनच सेट आहेत असे तो म्हणाला होता. जायच्या घाईत होता, तरी मुद्दाम सांगितले.

मी गार्डन रीचच्या ऑफिसातून आलो की सातला एल.पी. लावत असे. सुहासिनी वेताच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसे. दोन्ही बाजू संपेपर्यंत एक शब्द बोलत नसे. इतकी जाण फार थोड्या बायकांना असते. मग साडेआठला खालच्या मजल्यावर बंगाली शेजारणीकडे, शेफाली बौदींकडे, कोथिंबीर आणायला जाई. अर्धा तास लागे. कुंडीतली ताजी खुडून देत असाव्यात.

६ जानेवारी

कंपनीला एअर मेलने पत्र टाकले. मॅन्युअलच्या दुसऱ्या पानावर ठळक छापले आहे: 'अ बेल्विन इज फॉर लाइफ.' त्या वाक्याचा हवाला दिला. छापील शब्दातून कुणाला सुटता येत नाही. मी रेल्वेच्या रूल्स सेक्शनमध्ये सत्तावीस वर्षे काढली, ती याच एका तत्त्वावर.

फाइल उघडली. नाव: बेल्विन/दुरुस्ती/१.

१२ जानेवारी, रविवार

अपमानाचा दिवस.

चौरंगीवरची कंपनीची एजन्सी बंद होऊन तिथे सुटकेसचे दुकान आले आहे. म्हणून अँप्लिफायर रिक्षात घालून खिदिरपूरच्या रेडिओवाल्या नेपालबाबूंकडे नेला. सगळा भाग त्यांचे नाव घेतो. वय साठ, धोतर, कानाला पेन्सिल. त्यांनी पंखा बंद केला, झाकण काढले, आत फुंकर मारली आणि दहा मिनिटे वास घेतल्यासारखे पाहत राहिले. पावतीवर माझे नाव टिकेकरऐवजी 'टीकाकार' असे लिहिले. मग मान वर करून, माझ्या तोंडाकडे बघत, चक्क हसून म्हणाले, "चेष्टा कोरबो, साहेब."

माझे बंगाली चांगले आहे. मराठी माणसाला संस्कृतामुळे नव्वद टक्के आपोआप कळते. बाजारहाट, दूधवाला, शेजारी हे सगळे सुहासिनी बघे, त्यामुळे बोलायची वेळ आली नाही एवढेच. पण 'चेष्टा करीन' हे कळायला भाषा कशाला यायला हवी? कारागीर पाठीमागे हसत असतील, ते मी समजू शकतो. हा आगाऊ सांगून करणार.

एक शब्द न बोलता अँप्लिफायर उचलला. नेपालबाबू धोतर सावरत रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत आले. 'की होलो, की होलो', काय झाले, म्हणत होते. मी मागे वळून पाहिले नाही.

१३ जानेवारी

स्वतः करणार. सर्किट डायग्रॅम म्हणजे शेवटी एक प्रकारचा रूलच. एक नियम, त्याला पोटनियम, त्याला अपवाद.

१९ जानेवारी, रविवार

आज अँप्लिफायर पूर्ण उघडला. पद्धत अशी: प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी तिला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबराची नोंद फाइलमध्ये. एकूण त्रेचाळीस वायरी. ऑफिसचा गोंद घरी आणत नाही, म्हणून मैद्याची खळ शिजवली. खळ उत्तम झाली. सुहासिनी असती तर तिलाही पटले असते की मला स्वयंपाकघरातले अगदीच काही येत नाही असे नाही.

२० जानेवारी, सकाळी ६

झुरळांनी खळ खाल्ली. सगळी. त्रेचाळीस चिठ्ठ्या तळाशी पडल्या आहेत. नंबर शाबूत आहेत.

कामवाली मानदा म्हणाली की मैद्याला झुरळे येतातच, वहिनी खळीत मोरचूद घालायच्या. हे मला आधी कुणी सांगितले नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवणीने वायरी जोडल्या. माझी स्मरणशक्ती ऑफिसात प्रसिद्ध आहे. चाळीस वायरी लागल्या, तीन उरल्या. त्या जादाच्या असाव्यात. इंग्रज माणूस सढळ हाताने काम करतो.

बटण दाबले. थोडा धूर आला, एकाच बाजूने. मग लोडशेडिंग झाले, त्यामुळे निष्कर्ष काढता आला नाही. वीज आल्यावर पुन्हा लावला. एक निश्चित प्रगती आहे. ते घूं पूर्ण बंद झाले.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस सरस्वतीपूजेचे लाउडस्पीकर. बांबूला बांधलेला पत्र्याचा कर्णा, पण क्षणभर बंद पडला नाही. ही कुठली कंपनी ते बघायला गेलो. कंपनीच नाही. मंडपातला एकजण म्हणाला की नेपालबाबूंनी बनवून दिला.

कंपनीचे उत्तर आले. मॉडेल १९६१ मध्येच बंद. सुटे भाग नाहीत. ड्रॉइंग्ज नष्ट केली. 'फॉर लाइफ' म्हणजे प्रॉडक्टचे लाइफ, आणि ते संपले आहे असे त्यांना खेदाने कळवावे लागते. कंपनी आता श्रवणयंत्रे बनवते. सोबत कॅटलॉग.

दोनदा वाचले. पत्र फाइलला लावले, कॅटलॉग लावला नाही. लाइफ कुणाचे हे त्या मॅन्युअलमध्ये लिहायला हवे होते. माणूस वाचताना स्वतःचे धरतो. किंवा दोघांचे.

रिमाइंडर पाठवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हॉल्व्हची भोके साफ करायला बारीक सुई हवी होती. सुहासिनीची विणकामाची पिशवी प्रथमच उघडली. निळा स्वेटर एका बाहीवर थांबला आहे. माझ्या मापाचा.

तळाशी कापसाचे छोटे गोळे सापडले, जोडीजोडीने. तिचे कान दुखत असावेत. मला कधी बोलली नाही. सोसणारी होती. एका बैठकीला एक जोडी धरली तर कान बरेच दुखत होते, उन्हाळ्यातही.

पिशवी होती तशी ठेवली. सुई घ्यायची राहिली.

२ मार्च, रविवार

आज लिहू नये असे वाटत होते.

श्राद्धाच्या जेवणाचे सांगायला खाली गेलो. शेफाली बौदींनी बसवले, चहा दिला. सेट अजून दुरुस्त व्हायचा आहे, पण होईल, असे मी सांगितले. सुहासिनीला तो किती प्रिय होता तेही सांगितले. मी एवढे सहसा बोलत नाही. बौदी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "ओई बाजनाटार जोन्नो दीदी ओनेक चेष्टा कोरतेन."

त्या वाजणाऱ्या वस्तूवरून दीदी खूप चेष्टा करायच्या.

चहा तसाच ठेवून उठलो. उठताना गॅलरी दिसली. तिथे कुंडी नाही. कधी असावी असेही दिसले नाही.

म्हणजे सहा वर्षे. वर खुर्चीत मान खाली घालून बसायचे आणि साडेआठला खाली येऊन माझ्या सेटची, म्हणजे माझीच, टिंगल करायची. कंपनीने फसवले ते समजू शकतो, कंपनी परकी. नेपालबाबू परके. हिला मी घरातली समजत होतो.

फोटोपुढे उदबत्ती लावली नाही. नंतर लावली. वृंदा येईल, तिला कशाला कळायला हवे.

७ मार्च

मेल दोन तास लेट. वृंदा हडकली आहे. आत आल्याबरोबर सेटकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही हे अजून ठेवलंय?" परवा संध्याकाळी वाजेल, असे मी सांगितले. उरलेल्या तीन वायरी मी मुठीत घेऊन बसलो होतो, त्या तिने हळूच काढून घेतल्या आणि मुरमुऱ्यांच्या डब्यावर ठेवल्या.

९ मार्च, रविवार

श्राद्ध नीट झाले. गुरुजी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातून आले होते. जेवायला श्यामराव दिवेकर होते. त्यांचा जन्म इथला, ते शाळामास्तर आहेत, मराठी थोडे अडखळत बोलतात. बौदी नंतर आल्या. हातात पंच्यात गुंडाळलेले काहीतरी होते. पंचा आमच्याच घरातला.

आत ट्रान्झिस्टर निघाला. लहान, पाठीला रबर बँड लावलेला. दीदींचा आहे, आता तुमच्याकडे असावा, असे बौदी म्हणाल्या. चार वर्षे त्यांच्या शेल्फवर होता. साडेआठला शॉर्टवेव्हवर मुंबईचे मराठी कार्यक्रम लागत, तेवढे ऐकून सुहासिनी वर येई. मी एकदा बोललो होतो की ज्या घरात बेल्विन आहे तिथे ट्रान्झिस्टर शोभत नाही. मी बोललो होतो, हे खरे आहे.

वृंदाला माहीत होते. आईनेच लिहिले होते. म्हणजे नागपूरपर्यंत माहीत होते.

मला राहवले नाही. सर्वांसमोर म्हणालो की बाकीचेही मला ठाऊक आहे. तिने सहा वर्षे चेष्टा केली, बौदींनीच तसे सांगितले.

श्यामरावांनी ते बौदींना बंगालीत सांगितले. बौदींनी जीभ चावली. कितीतरी वेळ भराभर बोलत होत्या. श्यामरावांनी हातातली खिरीची वाटी खाली ठेवली.

"टिकेकर," ते म्हणाले, "बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हो. त्या प्रयत्न करत होत्या. ते संगीत आवडावं म्हणून."

पुढचे त्यांनी थांबत थांबत सांगितले. दीदी म्हणायच्या, ते एवढ्या हौसेने लावतात, एक दिवस मला आवडेल. नाहीच आवडले तेव्हा कापूस. पण उठून कधी गेल्या नाहीत.

वृंदाने पाने उचलली. संध्याकाळी कुणी एल.पी.चा विषय काढला नाही.

१० मार्च

वृंदा दुपारच्या मेलने गेली. स्टेशनवर म्हणाली की माझ्याकडे येऊन राहा. बघू म्हणालो.

ऑफिसच्या लायब्ररीत बंगाली कोश पाहिला. श्यामरावांचे बरोबर आहे. प्रयत्न, यत्न, खटपट. पण प्रयत्न आवडत नसलेल्या गोष्टीसाठीच करावा लागतो. त्या अर्थाने माझी तक्रार संपत नाही. मला सांगता आले असते. मी ऐकून घेतले असते.

घेतले असते असे वाटते.

११ मार्च

रजा टाकून, अँप्लिफायर घेऊन नेपालबाबूंकडे गेलो. जानेवारीत काय झाले ते सांगितले. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय तेही सांगितले. ते हसले नाहीत. साहेब, मी तर प्रयत्न करतो एवढेच म्हणालो, आपण असे निघून गेलात, मला वाटले माझ्याकडून काही बोलायचे चुकले, असे म्हणाले. आठ दिवस मनाला लागून राहिले होते म्हणे.

अँप्लिफायर उघडला. जानेवारीत त्यांना दिसले होते ते एवढेच: एक कंडेन्सर गेला होता. बोराएवढा, चांदनीच्या बाजारात मिळतो. आता मात्र माझ्या जोडणीमुळे आतला मोठा ट्रान्सफॉर्मर जळला आहे. तसा इथे कुणी गुंडाळून देणार नाही. कंपनीकडे मिळेल का, असे त्यांनी विचारले. मी नकाराची मान हलवली.

त्यांनी एकेक स्क्रू जागेवर बसवला आणि फडक्याने वरचा पत्रा पुसला. मग पावतीकडे न बघता, हळू म्हणाले, "एखोन आर चेष्टा कोरे लाभ नेई."

या वेळी बरोबर कळले. आता प्रयत्न करून उपयोग नाही.

दोघांनी मिळून रिक्षात ठेवला.

१६ मार्च, रविवार

सातला उठलो. भात बरा झाला. फाइल बेल्विन/दुरुस्ती/१ बंद केली. रिमाइंडरचे उत्तर आले तर पुन्हा उघडता येईल.

संध्याकाळी बाजारातून दोन सेल आणि कोथिंबिरीची एक जुडी आणली. ट्रान्झिस्टरमध्ये जुने सेल गंजून चिकटले होते, ते सुईने काढले. सुई तिच्या पिशवीतली. रबर बँड परत लावला. खिडकीत ठेवला तर नुसती खरखर, टेबलावर त्याहून जास्त. बेल्विनवर ठेवला तर मधूनमधून शब्द कळतात. पत्र्यामुळे असावे.

साडेआठला मुंबई लागले. कुणी बाई गात होती, अर्धे ऐकू येत नव्हते. वेताच्या खुर्चीत बसून कोथिंबीर निवडायला घेतली.