धर्मशाळेची कौलं

बाई, तुमची तिसरीची शाळा जिथं भरायची ती नदीकाठची धर्मशाळा आता राहिली नाही. देवळाशेजारी त्याच जागी सभागृह झालंय, पाय घसरेल इतक्या गुळगुळीत फरशीचं. गावात कुणाला वाईट वाटल्याचं मला दिसलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्यावर रागवायला हक्काचं दुसरं माणूस मला सापडत नाही.

अजून डोळ्यांसमोर येतं, सुट्टी लागल्यावरसुद्धा तुम्ही आम्हाला सोडत नाही. वैशाखाच्या उन्हात पोरं घेऊन घरोघर फिरता, प्रत्येक दारात ओंजळभर बाजरी मागता, आणि ती विकून पावसाआधी धर्मशाळेची कौलं चाळून घेता. फुटकी काढायची, चांगली परत बसवायची, खालच्या सागवानी तुळयांना तेल चोपडायचं. एकदा आमची आई चिडली. "बाई, शाळंची कौलं आमी का म्हून चाळायची? सरकार न्हाई का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सावली तुमच्या पोराच्या डोक्यावर आहे म्हणून." आईनं बाजरी घातली, पण तिचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं. त्याच वर्षी मी एक चांगलं कौल फोडून त्याच्या खापऱ्या नदीत भिरकावत बसलो होतो. तुम्ही कान असा पिळलात की डोळ्यांत पाणी आलं. "मोडायला काय अक्कल लागते रे?" म्हणालात, आणि थोड्या वेळानं स्वतःच्या डब्यातले गूळ-शेंगदाणे माझ्या हातावर ठेवलेत. तुमचं असंच असायचं.

पुढं मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो. तिथं मशीन बंद पडायची वाट बघत नाहीत, आधीच तेलपाणी करतात, आणि त्याला पैसा कमी पडत नाही. गावात मात्र तुमच्यामागं ओंजळ मागणारं कुणी उरलं नाही. कौलं सरकली, एक तुळई भिजायला लागली. मी जाणता सुतार आणून दाखवला. तो म्हणाला, अजून वाचेल. मग मी उंबरे झिजवायला लागलो. पुरातत्त्वाच्या कचेरीत कळलं की आपली धर्मशाळा त्यांच्या यादीतच नाही. आमच्या कंपनीत समाजकार्याचा निधी वाटणाऱ्या मॅडम गोड बोलल्या, चहाही पाजला, पण कौलांवर कंपनीचा बोर्ड कुठं दिसेल, एवढं विचारून त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. शेवटी देवळात गावची बैठक बोलावली.

जमिनी विकून आपल्या गावात आता पैसा आलाय, बाई. देवळासमोर गाड्या लावायला जागा नव्हती. मी डागडुजीचा खर्च सांगितला तर सगळे पायाचा अंगठा बघत बसले. मग माझा चुलतभाऊ उठला. "दादा, जुन्यात पैसं घालून दिसणार काय हाय? कौल बदललेलं खालनं कळतंय व्हय कुणाला? त्यापरीस जीर्णोद्धारच करू. पाडू, स्लॅब टाकू, आन् देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरू. पयली देणगी माझी."

"अरे, पण ती अजून पडलेली नाही," मी म्हणालो.

"मग पडायची वाट बघायची का?"

सगळे हसले. ओशाळून मीही हसलो. लगेच माईक आला आणि आकडे पुकारायला लागले. माणसं वाईट नाहीत, देवाच्या कामाला हात आखडत नाहीत. फक्त जे टिकवायचं त्याला कुणी द्यायला तयार नाही. सागवानी खांब हिंजवडीकडच्या एका हॉटेलवाल्यानं नेले, त्याला म्हणे तिथं जुनं वातावरण करायचंय. आता गावाची वेस ट्रेलरला अरुंद पडते, अशी कुजबुज सुरू झालीये. तीही जाणार. मी या वेळी बैठक बोलावणार नाही.

त्या दिवशी माईकवरून माझंही नाव पुकारलं. अख्खा गाव माझ्याकडं बघत होता, आणि नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी देणगी दिली. कुणाचं नाव घालायचं, असं विचारल्यावर तुमचं सांगितलं. वाटलं, निदान तुमचं नाव तरी तिथं राहील. उद्घाटनाला तुमचा मुलगा चऱ्होलीहून आला होता. संगमरवरावर कोरलेल्या तुमच्या नावाचा त्यानं फोटो काढला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आई असती तर धन्य झाली असती." मी हो म्हणालो. हे पत्र त्याच्या हातात देता येईल, पण देणार नाही. तुमची शाळा पाडायला ज्यांनी पैसे दिले, बाई, त्यांच्यात तुमचं नाव आहे, आणि ते मी घातलंय.