सतरा नंबरचा बाक

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. दुकानात बसून लहान मुलांच्या एका बाकाची फळी घासत होतो.

प्रिय दादा,

हात धुऊन, पुसून मगच कागद घेतला आहे. चार वर्षांनी पत्र, आणि त्यावरही बोटांचे डाग, असं नको.

गोटी सहा वर्षांची होईल. तू गेलास तेव्हा दोनची होती, तुझ्या रंध्यातून निघालेली सालपटं कानावर लटकवून दुकानभर मिरवायची. आता बोलते, पण अडखळते. पहिलं अक्षर तोंडातच धरून ठेवते आणि सुटेपर्यंत डोळे मिटते. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, आपोआप सुटेल. म्हणून यंदा शाळा निवडायची तर नीट बघून, असं ठरवलं. वहीत रकाने आखले : अंतर, एका वर्गात मुलं किती, नळ, संडास, बाक. टेपही खिशात घेतली. गोटीची आई म्हणाली, शाळा बघायला चाललाय की दाराचं माप घ्यायला?

पहिल्या शाळेत दारातच मासे होते, काचेच्या पेटीत. मुख्याध्यापिका गोड बोलल्या, पण गोटीला नाव विचारलं आणि तिच्या तोंडून पहिलं अक्षर निघायच्या आत अर्जावर बघून स्वतःच वाचून टाकलं. बाकाची उंची सोळा इंच भरली. गोटीचे पाय लोंबकळत होते. मी वाकून माप घेतोय म्हटल्यावर शिपाई माझ्यामागे येऊन उभा राहिला. दुसऱ्या शाळेत एका खोलीत बासष्ट मुलं, आणि संडासाची कडी माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर. तिथले गुरुजी गोटीचं अडखळणं ऐकून म्हणाले, "घशात गोळी अडकली का गं?" वर्ग हसला. 

तिसरी शाळा फुकटातली, आपल्या घरापासून तीनशे दहा पावलांवर. ती मी यादीत सगळ्यात खाली ठेवली होती. खरं तर ठेवलीच नव्हती, गोटीच्या आईने लिहायला लावली. का ते तुला माहीत आहे, आणि मी विसरल्याचं सोंग करत होतो.

आम्ही वर्गात शिरलो तेव्हा बाईंनी टेबलाचा खण उघडला. खडू काढतील असं वाटलं, तर हातोडी काढली. रोज हजेरीच्या आधी त्या सगळ्या बाकांवरून हात फिरवतात आणि वर आलेले खिळे ठोकतात. प्रत्येक मूल घरून कापडाची जाड घडी आणतं, खाली घ्यायला, कुसळं लागू नयेत म्हणून. फळ्या तिरक्या झाल्या आहेत, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. मला म्हणाल्या, "ज्यानं हे केले, त्यानं आपल्या पोराला कधी यावर बसवलं नसणार." मी मान हलवली. दादा, मी चक्क मान हलवली.

तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुकान आहे. कसलं ते सांगितलं नाही. मग त्या गोटीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि तू काय सांगतेस, असं विचारून थांबल्या. नुसत्या थांबल्या. गोटीने डोळे मिटले. मागे पोरं चुळबुळ करत होती, तरी बाईंनी तिच्या तोंडात शब्द घातला नाही. बऱ्याच वेळाने गोटी बोलली, पहिल्यांदाच परक्या माणसासमोर अख्खं वाक्य :

"माझे बाबा सु... सुतार आहेत."

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अहो, मग जरा बघता का, आम्ही कधीचा माणूस शोधतोय. मी जवळचा बाक उलटा केला. बाबांनी लावलेली सवय, नगाच्या पोटाला पेन्सिलीने नंबर आणि तारीख. नंबर सतरा. अक्षर माझं, वळणदार. मी अंगठ्याने ते पुसलं आणि म्हणालो, लाकूड ओलं वापरलंय. बाईंनी चहा मागवला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा चालतात," म्हणाल्या. तो चहा मी प्यायलो.

या बाकांचं काम आपल्याकडे आलं तेव्हा तू म्हणाला होतास, लाकूड दोन महिने वाळू दे, खिळे मारू नकोस, खाचा पाडून सांधे बसव, उद्या आपलंच पोर यावर बसेल. आणि मी बाबांसमोर म्हणालो होतो, माझं पोर असल्या शाळेत जाणार नाही. वीस दिवसांत चाळीस बाक देऊन मोकळा झालो.

गोटीचं नाव मी तिथेच घातलं आहे. तीन बाक दुकानात आणले आहेत. बाईंना खरं सांगायचं आहे, पण एकट्याने जायचा धीर होत नाही. रविवारी तू आलास तर बरं होईल. पण येण्याआधी तुला एक कळायला हवं, आणि त्याचसाठी हे पत्र आहे. तुझी सव्वीस दिवसांची मजुरी बाबांनी कापली असं तू समजतोस, म्हणून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. त्यांनी कापली नाही. सातवीत शाळा सुटली तरी माझं लिहिणं चोख, म्हणून हजेरीची वही माझ्याकडे होती. तू बाकांना नाही म्हणालास त्या रागात मी तुझ्या सव्वीस दिवसांवर गैरहजर लिहिलं. बाबांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. काल त्यांना सांगितलं. त्यांनी उठून तुझी पटाशी शोधून काढली आणि संध्याकाळपर्यंत तिला धार लावत बसले.

तुझाच,
धाकटा

खर्च : पहिल्या शाळेचा अर्ज ५००, दुसरीचा २००, तिसरीचा काही नाही. स्क्रू २४०. पॉलिश पेपर १८०. एकूण १,१२०.
तुझं देणं : २६ दिवस, रोज ४५० प्रमाणे, ११,७००. पाकिटात घालून ठेवले आहेत.
बाक : नीट झालेला एक, नंबर सतरा. उरले एकोणचाळीस.