माझा डोळा आणि बाबांचं टेबल

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). तुझा गुडघा आणि भावोजींचा स्वभाव, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुला ते खरं वाटलं नसतं.

झालं असं, की चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी थेंब टाकून इतका वेळ डोळ्यात डोकावून पाहिलं, की आत कुणी ओळखीचं भेटलं की काय असं वाटलं. मग म्हणाल्या, "काचबिंदू आहे. यात कडेची नजर आधी जाते. डोळ्यातला दाब बेताचाच आहे, पण मागच्या नसेच्या कडेला रक्ताचा बारीक ठिपका दिसतोय." दाब नाही तर रक्त कशानं? तर म्हणे, शरीरात आपल्याला न विचारता काम करणाऱ्या नसा असतात. ठोके, घाम, रक्ताचा पुरवठा, सगळं त्याच बघतात. (न विचारता सगळं बघणारी म्हटल्यावर मला तूच आठवलीस.) त्यांचं बिनसलं, तर डोळ्याच्या नसेला रक्त नीट पोचत नाही, असंही असू शकतं.

त्या नसांची तपासणी म्हणजे छातीला वायरी लावून पडून राहायचं आणि काही करायचं नाही. जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या माणसाला हे कसं जमावं? माझे पाय आपसूक पायडल मारू लागले. नर्सबाईंनी धंदा विचारला, आणि म्हणाल्या, "मास्तर, शिवण उरकली की सांगा." मग शांत व्हावं म्हणून मी डोळे मिटून आपली जुनी खोली आठवली. खिडकीशी तू वेणी घालत बसलेली, आणि बाबा टेबलाला धडकून त्यालाच दटावतायत, "तू इथे कधी आलंस?" आई ते हळूच सरकवायची, बाबा नव्या जागी धडकायचे, आणि आपण उशीत तोंड खुपसून हसायचो.

तिथे पडल्या पडल्याच मला कळलं, ताई. बाबांना कडेचं दिसतच नसणार. पडद्यावरची रेघ अशी उसळली, की नर्सबाई धावत आल्या. "काय झालं?" मी म्हणालो, "वडील आले होते."

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपता येते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. थेंब नेमानं घालतोय.

तुझा भाऊ

ता. क. हा आजार घराण्यात उतरतो. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, असं बाईंनी बजावलंय. दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून तर कळत नाही. तेव्हा ये.

पुन्हा ता. क. डोळ्यांचे डॉक्टर तुझ्या घराजवळही आहेत, हे मला माहीत आहे. तरी इकडेच ये. मला अरे-तुरे करणारं इथे आता कुणी राहिलेलं नाही.